रबराने खोडलेली दोन पानं

लोकांना नापास करून पगार घेणारी बाई, अशी आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात माझी बरीच वर्षं ओळख होती. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी नव्याने आलेल्या जोडप्याला माझ्याकडे नजरेनेच दाखवून हळू आवाजात सांगायचं, त्या कर्णिक बाई, त्यांच्याकडे टेस्ट द्यावी लागते, भारी कडक आहेत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खरं तर माझ्या परीक्षेत नापास होताच येत नाही. बावीस वर्षं हे एकच वाक्य मी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जर्मनमधून सांगत आले, आणि आपल्या माणसांपैकी एकानेही त्यावर कधी विश्वास ठेवला नाही.

तेव्हा आधी काम काय होतं ते सांगते. जर्मनीत डार्मश्टाटपासून गाडीने अर्ध्या तासावर एक छोटं शहर आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या घराची हकिकत पुढे येणार आहे ते घर अजून तिथेच आहे. त्यांच्या परवानगीने लिहितेय, नावं बदलली आहेत. तर इथे जवळजवळ प्रत्येक शहरात नगरपालिकेची एक मोठ्या माणसांची शाळा असते, तिला म्हणतात फोल्क्सहोखशूले. तिथे जर्मन शिकता येतं, राहून गेलेली दहावी करता येते, अपूर्णांक नव्याने शिकता येतात, झालंच तर योगासनं आणि केकसुद्धा. नवा माणूस आला की त्याला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणं, एवढंच माझं काम. भाषेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू आणि पुढे. कोण कुठल्या पायरीवर उभा आहे ते बघायचं आणि तिथून त्याला पुढे पाठवायचं.

आमचा पेपर साठ प्रश्नांचा, पाच पानांचा. पहिलं पान कुणालाही यावं, पाचवं पान भल्याभल्यांना येऊ नये, अशी त्याची रचना. सुरुवातीलाच सांगायचं की बाबांनो, जिथे येईनासं होईल तिथे पेन्सिल खाली ठेवा, पुढचं कोरं राहू द्या. मग दहा मिनिटं समोरासमोर गप्पा. दुकानात पायाचं माप सहा निघालं म्हणून कुणी रडत नाही आणि आठ निघालं म्हणून पेढे वाटत नाही, तितकं साधं हे प्रकरण आहे. पण परीक्षा हा शब्द कानावर पडला की आपल्या माणसाचं डोकं फिरतं. पेपर कोरा सोडायचा नाही, येत नसेल तरी काहीतरी लिहून ये, हे आपल्याला पहिलीपासून पढवलेलं. त्यामुळे आपली माणसं थांबतच नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत भरलेला पेपर हातात आला की नाव न बघताही मी ओळखायची की हा आपला.

पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला आला होता. नेकारसुल्म गावातली नोकरी सोडून नुकताच आमच्याकडे राहायला आलेला. साठपैकी सत्तावन्न! मी खूश होऊन गप्पांना बसवलं आणि जर्मनमध्ये विचारलं, कसे आलात, बसने की गाडीने? तो प्रसन्न हसला आणि म्हणाला, "येस." पुढचा प्रश्न, तेच हसू, पुन्हा "येस." शेवटी मराठीत विचारलं तेव्हा बिचाऱ्याने खरं सांगितलं की कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचे जुने प्रश्न फिरत होते, त्याने तीन आठवडे पाठ केले, पण गप्पांचा भाग ग्रुपवर नव्हता. मी त्याला ए-वनला बसवलं. त्याची बायको पुढचे दोन गणपती माझ्याशी बोलली नाही.

उलट फोग्ट म्हणून एक कौलारू छपरं घालणारे गृहस्थ होते, अठ्ठावन्न वर्षांचे, अस्सल इथलेच. त्यांना राहिलेली दहावी करायची होती म्हणून गणिताच्या चाचणीला आले. तिसऱ्या प्रश्नाला अपूर्णांक आले, त्यांनी पेन्सिल ठेवली आणि हात बांधून शांत बसून राहिले. मी सांगितलं, सगळ्यात खालचा वर्ग. ते म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर, मलाही तसंच वाटलं होतं." आणि वर्गाची वेळ विचारून घरी गेले. हा किस्सा मी दर वर्षी मंडळात सांगायची. लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचे, बाई, तयारीला कुठलं पुस्तक घेऊ?

या कामात माझा हातखंडा होता, हे आता निवृत्त झाल्यावर म्हणायला हरकत नाही. माणूस दारातून आत येऊन कोट काढेपर्यंत माझा अंदाज झालेला असायचा. आणि नेमका तोच तोरा मला शेवटच्या वर्षी महागात पडला. मला म्हणजे काय, शीतलला पडणार होता.

शीतल गजभिये पहिल्यांदा ऑगस्टमध्ये आली, एकटीच. मुलीला किटामध्ये, म्हणजे बालवाडीत सोडून, ठरवून दिलेल्या टेर्मिनला, बरोबर साडेनऊच्या वेळेला हजर. मूळची नागपूरची, वय एकतीस, रसायनशास्त्राची बीएस्सी. लग्नाआधी दोन वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली. नवरा निखिल डार्मश्टाटच्या एका संस्थेत संशोधक. चार वर्षांपूर्वी इथे आली ती घर आणि मूल यातच. पण जर्मन? मी मराठीत या बसा म्हटलं आणि ती जर्मनमध्येच बोलत सुटली. किटातल्या आयांकडून, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीकडून, बेकरीतल्या बाईकडून उचललेलं, घरगुती, चुका असलेलं पण वाहतं जर्मन. मी मनात लगेच लिहून टाकलं, बी-वन पूर्ण, बी-टूच्या वर्गात बसेल.

मग तिने पिशवीतून एक पत्र काढलं. एका औषध कंपनीचं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत आउसबिल्डुंगची, म्हणजे शिकता शिकता काम करायची साडेतीन वर्षांची जागा तिला पुढच्या सप्टेंबरपासून मिळाली होती. अट एकच, जूनअखेर बी-टूचं प्रमाणपत्र दाखवायचं. मी कॅलेंडर काढलं. या सप्टेंबरअखेर बी-टूच्या वर्गात बसली तर परीक्षा जूनच्या सुरुवातीला. अगदी बेताचं जमत होतं. एक वर्ग जरी खाली गेली तरी जून हुकणार आणि जागा जाणार, हे मी तिला तिथल्या तिथे स्पष्ट सांगितलं. तिने मान डोलावली. जाताना म्हणाली, चार वर्षं झाली मॅडम, टेस्ट ट्यूबला हात लावलेला नाही. मी आपलं, येतं गं सगळं परत, असं काहीतरी मोघम बोलून पुढच्या माणसाला आत घेतलं.

सप्टेंबरात चाचणीच्या दिवशी ती आली तेव्हा बरोबर सासूबाई होत्या. मीनाक्षीताई. नागपूरला महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्रेसष्ट वर्षांच्या. त्यांच्या सगळ्या खानदानात शाळेची पायरी चढलेली पहिली मुलगी त्या, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं आणि ते त्यांनी सांगावं असंच होतं. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, मग निखिलने मे महिन्यात त्यांना कायमचं इकडे आणलं. नागपुरातच वर्षभर ऑनलाइन जर्मन शिकून आल्या होत्या. वही बघितली तर डोळे निवावेत, तीन रंगांच्या शाईने लिहिलेली, समास आखलेला.

पण इथे आल्यापासून चार महिने बाई घराबाहेर पडल्या नव्हत्या. बाल्कनीपर्यंत यायच्या आणि परत आत जायच्या. निखिलने मला आदल्या आठवड्यात फोन करून हे सांगितलं होतं. म्हणाला, आई म्हणते की शीतल सोबत असेल तर मी वर्गाला येईन. मी म्हटलं, वा, छानच की. त्या वाक्याचा अर्थ काय होतो हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या. दोघी एका वर्गात बसणार म्हणजे कुणीतरी आपली पायरी सोडणार, हे बावीस वर्षं पायऱ्याच मोजणाऱ्या बाईला कळू नये!

पेपर झाला. मी तपासायला घेतले. मीनाक्षीताईंचा अडीच पानं भरलेला, मग पेन्सिल ठेवलेली, पुढे कोरं. शिक्षिकाच त्या, सांगितलेलं ऐकलं होतं. सरळ सरळ ए-टू. शीतलच्या पेपरावर तिसऱ्या पानाच्या अर्ध्यावरून चुका सुरू झालेल्या, आणि शेवटची दोन पानं कोरी. पण कोरी म्हणजे कोरी नव्हती. कागद जरा खरबरीत लागला. खिडकीशी धरला तर पेन्सिलचे दाब स्पष्ट दिसले. तिने दोन्ही पानं लिहिली होती आणि मग रबराने खोडली होती. मी एकेक उत्तर वाचून काढलं. चार सोडली तर सगळी बरोबर.

गप्पांच्या वेळी तीच तऱ्हा. ऑगस्टमध्ये माझ्याशी पंधरा मिनिटं अखंड बोललेली मुलगी टेबलाकडे बघत तीन तीन शब्दांची उत्तरं देत होती. सासूबाईंसोबत बसायला ती मुद्दाम खाली उतरतेय, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं, आणि समजलंही. कंपनीचं पत्र माझ्या फाइलमध्ये होतं. फक्त तिला विचारायचं बाकी होतं.

आता आमच्या शाळेचा नियम असा की निकाल एकेकाला, दार बंद करून सांगायचा. नवरा असो, आई असो, सगळे बाहेर. त्याला डाटेनशुट्झ म्हणतात, आपली माहिती आपल्यापाशी राहण्याचा कायदा. शेजारच्या खोलीतली माझी सहकारी पेट्रा हे इतक्या सहज करायची की कुणाला वाईटही वाटायचं नाही. पण मीनाक्षीताईंनी येताना डब्यातून सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणली होती. नागपूरची सांबारवडी मी बारा वर्षांत खाल्ली नव्हती. आपली माणसं, वडीलधारी बाई, त्यांना काय बाहेर कॉरिडॉरमध्ये बसवायचं? मी दोघींना आत बोलावलं, चहा ठेवला, डबा उघडला, आणि सासूबाईंच्या देखत सुनेला विचारलं की शीतल, शेवटच्या दोन पानांचं काय झालं?

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही येत मॅडम मला ते."

मीनाक्षीताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, असू दे गं, आपण दोघी मिळून शिकू. त्यांचा चेहरा उजळला होता. चार महिन्यांनी ती बाई कुठेतरी जायला निघाली होती. मी पेपरावर ए-टू लिहिलं, सही केली आणि आणखी एक वडी खाल्ली.

वर्ग सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी ए-टूच्या शिक्षिका माझ्या दारात. त्यांचं म्हणणं, ही तरुण बाई या वर्गातली नाही, सासूच्या वहीत डोकावून तिला सांभाळत बसते, स्वतः तोंड उघडत नाही. मी म्हटलं, बघते. वर्ग बदलायची मुदत दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत असते, त्यानंतर याद्या बंद. मी तीन वेळा फोन उचलला आणि तीन वेळा ठेवला. घरी नवऱ्यापाशी विषय काढला तर तो वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, लोकांच्या सुनांचे संसार सांभाळायला तुला नोकरीवर ठेवलेलं नाही. एरवी त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही, पण त्या दिवशी मला ते फार पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं. कुणाच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडा! अशी आठ दिवस मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या आठवड्याचा गुरुवार. सकाळी सव्वाआठला मी दार उघडतेय तर कॉरिडॉरमध्ये मीनाक्षीताई उभ्या. एकट्या. सुती साडी, वर निखिलचा जाड कोट, नाक थंडीने लाल झालेलं. शीतल मुलीला किटात सोडायला गेली तेवढ्यात, मी पुढे होते म्हणून चिठ्ठी ठेवून एकट्याच बसने आल्या होत्या. मी बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"मॅडम, चौतीस वर्षं मी वर्गापुढे उभी राहिले," त्या म्हणाल्या. "उत्तर येत असून हात खाली ठेवणारं पोर मला पाठमोरं असलं तरी कळतं. माझी सून रोज तेच करते."

आदल्या दिवशी त्यांनी निखिलला समोर बसवून खोदून खोदून विचारलं होतं. कंपनीच्या पत्राचं त्याने सांगितलं. शीतल त्याला म्हणाली होती की जागा काय, पुढच्या वर्षीही मिळेल, आईंना आत्ता गरज आहे, आणि त्याने ते ऐकून घेतलं होतं. ऐकून घ्यायला सोपंच होतं ते. मीनाक्षीताई हे सगळं अगदी शांतपणे सांगत होत्या, पण कोटाचं बटण त्यांनी धरून ठेवलं होतं.

"घराबाहेर पडायची भीती माझी होती. तिचं ओझं त्या पोरीनं का वाहायचं जी?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला माझ्यासमोर विचारलंत. सासूसमोर सून काय सांगणार होती?"

बावीस वर्षांत मला कुणी इतक्या थोडक्यात माझी चूक दाखवली नव्हती. मान खाली घालून मी म्हटलं, चुकलं माझं. त्यांनी तिचा पेपर दाखवा म्हटलं, तो मी दाखवू शकत नव्हते, तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, नका दाखवू, वरच्या वर्गात जागा आहे का तेवढं सांगा.

जागा नव्हती. अठराची मर्यादा, अठरा भरलेले. मी उठले आणि आमचे प्रमुख ब्रांट यांच्याकडे गेले. चुकीच्या वर्गात बसवल्याचा एक फॉर्म असतो, त्यावर चूक करणाऱ्याने स्वतःच्या हाताने कारण लिहायचं. मी लिहिलं की निकाल नातेवाइकासमोर सांगितला, उत्तरं खोडलेली आहेत हे मला दिसलं होतं, तरी सही केली. निवृत्तीला सहा महिने राहिले असताना हे लिहिताना माझे कान तापले होते, खोटं कशाला बोलू. ब्रांटनी फॉर्म दोनदा वाचला. म्हणाले, एकोणिसावी खुर्ची टाकू, पण उद्यापर्यंत नवा पेपर लिहून घ्या. आणि मग विचारलं, तिची स्वतःची इच्छा आहे ना? मी म्हटलं, हो हो, आहे तर.

परत खोलीत येऊन मी मीनाक्षीताईंना बातमी दिली. आम्ही दोघी म्हाताऱ्या अशा खुशीत आलो की जणू मुलीचं लग्नच ठरवलं होतं. तेवढ्यात शीतल धावत आली. सासूबाईंची चिठ्ठी बघून ती तशीच निघाली होती. धाप लागलेली, केस विस्कटलेले. तिला बसूही न देता आम्ही सगळं सांगितलं, एकीचं वाक्य दुसरीने पुरं करत. वर्ग बदलला, खुर्ची मिळाली, आज पेपर लिहायचा, जून गाठायचा.

तिने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"आई, तुम्ही ठरवलंत. मॅडमनी ठरवलं. निखिलने पत्राचं सांगून टाकलं," ती म्हणाली. "मला विचारलं कुणी?"

मीनाक्षीताई माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी त्यांच्याकडे. पंधरा मिनिटांपूर्वी ज्यावरून मी बोलणी खाल्ली होती, तीच चूक आता आम्ही जोडीने केली होती. मग मात्र मी ते केलं जे मला पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. म्हटलं, ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का? शेकडो पोरांना वर्गाबाहेर उभं केलेली ती मुख्याध्यापिका उठली आणि कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर जाऊन बसली. मी दार लावलं, माझी खुर्ची टेबलाच्या मागून काढून तिच्या शेजारी आणली आणि विचारलं, तुला काय हवंय ते सांग.

ती घराच्या चावीशी चाळा करत राहिली. बोलायची हौस आवरणं मला फार जड जातं, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

"आईंचं निमित्त होतं मॅडम," ती शेवटी म्हणाली. "मला भीती वाटत होती. त्या लॅबमध्ये सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं असणार. बी-टूत नापास झाले असते तर जागा गेली असती आणि सगळ्यांना कळलंही असतं. आईंबरोबर खाली बसले तर सगळे म्हणतात, काय गुणाची सून आहे."

मला ते इतकं लागलं की काय सांगू. कारण मीही मनात तेच म्हटलं होतं. कागद खिडकीशी धरून खोडलेली उत्तरं वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी म्हटलं होतं, काय गुणाची पोर आहे. ती घाबरलेली असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ऑगस्टमध्ये टेस्ट ट्यूबचं ती बोलली ते तिने मला सांगितलं होतं, आणि मी येतं गं सगळं परत म्हणून तिला वाटेला लावलं होतं.

मी तिची समजूत घातली नाही. तू हुशार आहेस, होशील पास, असलं काही मला ठाऊक नव्हतं आणि कुणालाच ठाऊक नसतं. एवढंच सांगितलं की भीती वाटते हे वर्ग निवडायचं कारण होऊ शकतं, तुला खालीच बसायचं असेल तर मी आत्ता तसं लिहीन आणि बाहेर कुणालाही कारण सांगणार नाही, सासूबाईंनाही नाही. आणि बसायचं नसेल तर हा दुसरा पेपर. दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले आणि मी कपाटातल्या फायली लावायला गेले. लावलेल्याच फायली होत्या, पुन्हा लावल्या.

मागून कोट काढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, मॅडम, पेन्सिल नको, पेन असेल तर द्या.

पन्नास मिनिटं लागली. साठपैकी एक्कावन्न, शेवटची पाच कोरी. मग आम्ही बोललो, जर्मनमध्ये, तिच्या मुलीबद्दल, पाण्यातला क्लोरिन कसा मोजतात त्याबद्दल. मधेच तिला एक शब्द आठवेना तर चिडून मांडीवर हात मारला. मी बी-टू लिहिलं, सही केली आणि कागद तिला दिला. म्हटलं, बाहेर काय सांगायचं, किती सांगायचं, ते तुझं तू ठरव.

दार उघडलं तर कॉरिडॉरमधली खुर्ची रिकामी. आम्ही दोघी घाबरलो, बाई पुन्हा एकट्या घरी गेल्या की काय! पण सव्वानऊला ए-टूचा वर्ग सुरू झाला होता आणि त्या आपल्या वर्गात जाऊन बसल्या होत्या. दारातून त्यांचा खणखणीत आवाज ऐकू येत होता, वेळापत्रक वाचून दाखवत होत्या, निम्मे उच्चार चुकीचे. शीतल दाराशी मिनिटभर थांबली. आत गेली नाही. जिना चढून वरच्या मजल्यावर बी-टूच्या वर्गाकडे गेली.

त्यानंतर मी माझ्या पुष्कळ जुन्या फायली मनातल्या मनात उघडल्या. किती जणींना मी नवऱ्याच्या देखत विचारलं असेल, किती पोरांना बापाच्या देखत, आणि समोरून आलेलं उत्तर खरं मानून सही केली असेल! पेट्राला आपली माणसं कळत नाहीत असं मला नेहमी वाटायचं. तिला कळत नव्हती हे खरंच, म्हणून ती प्रत्येकाला वेगळं विचारायची. मला कळतात या घमेंडीत मी विचारायचंच सोडून दिलं होतं. त्या माणसांची नावंही आता आठवत नाहीत. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझ्या नजरेचं कौतुक केलं तेव्हा मला नीट हसता आलं नाही.

ईस्टरला मी निवृत्त झाले. शीतल तेव्हा बी-टूच्या वर्गात खालून तिसरी होती, एवढं शिक्षिकेकडून उडत उडत कानावर आलं होतं. जून आला आणि गेला. फोन करावा असं रोज वाटायचं, पण तिचा निकाल होता, तिला सांगावासा वाटला तर ती सांगेल, असं म्हणून मी स्वतःला दामटून बसवलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. काही कळेना तेव्हा वाईटच झालं असणार असं मी धरून चालले, आणि मग तर विचारायची हिंमतच राहिली नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला सकाळी फोन वाजला. मीनाक्षीताई होत्या. बी-वनला बसल्या होत्या, पास झाल्या, मार्कांसकट सगळं सांगितलं. वर्गातल्या एका युक्रेनच्या आजीबाईंशी मैत्री झालीय, दर बुधवारी दोघी पोहायच्या तलावावर जातात, म्हणजे पाण्यात ती उतरते आणि या काठावर बसतात. मी ऐकत होते, वा वा म्हणत होते, आणि शेवटी राहवलं नाही. विचारलं, ताई, शीतलचं काय झालं हो?

"ते तिचं ती सांगेल," त्या ठामपणे म्हणाल्या. "मी नाही सांगणार. तिलाच विचारा."

मी म्हटलं, बरं, मग देता का तिला फोन?

"आता कुठून देऊ जी? सकाळी सातलाच लॅबमध्ये गेली ती. पहिला दिवस आहे ना आज."